आईचे आठ महिने

मी सहा वर्षांची असताना आई आठ महिने घरात नव्हती. ताई तेव्हा अकराची. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. भाताची लावणी आटोपली आणि आई गेली. शिमग्याला परत आली, चूल पेटवली. त्यावर घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. आता विचारायला आईही नाही आणि बाबाही नाहीत.

पन्नाशी जवळ आली तेव्हा मी त्या आठ महिन्यांवर एकपात्री लिहिलं. शहापूरच्या एका शाळेत मी क्लार्क आहे, नाटकाचं वेड कॉलेजपासूनचं. आई कुठे होती ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिला कसाऱ्याच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायला बसवलं. नाशिकच्या एका महोत्सवाला संहिता पाठवली आणि होकार आला.

ताईला फोन करून सगळं सांगितलं, तारीखही. ती मुरबाडजवळच दिलेली, भातशेती, दोन म्हशी.

"घरातलं चार लोकांत कशाला मांडतेस गो?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

महोत्सवाकडून चाळीस मिनिटं रंगमंच मिळणार होता आणि तालमीला वीस मिनिटं. बाकी सगळं आपलं आपण. माझ्याकडे माणसंच नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेतले परिचर दिवे सांभाळायला तयार झाले. त्यांच्या प्रतीत मी लाल पेनाने 'मंद', 'पूर्ण', 'काळोख' लिहून दिलं. पोस्टर मीच केलं, त्यात वेळ चुकली. तालमीला समोर कुणी नसायचं. कपाटाकडे बघून संवाद म्हणायचे, आणि वाटायचं, आई एकदा तरी मध्येच म्हणावी, 'असं नव्हतं गं ते.'

नाटकाचं सामान भरलेली आईची पत्र्याची पेटी मी आणि परिचरांनी एसटीत चढवली.

"लगीन हाय का बाई?" कंडक्टरने विचारलं.

"नाटक आहे."

"मंग बाकीची मंडळी?"

मी दोन तिकिटं मागितली.

प्रयोग दुपारचा होता. तालमीची वीस मिनिटं दिवे वळवण्यातच गेली. पडद्याच्या फटीतून मोजले, सतरा प्रेक्षक. अर्ध्यावर परिचरांनी दोन पानं एकदम उलटली आणि मी भाकरी थापत असतानाच काळोख झाला. मी थांबले नाही, अंधारात नुसती थापत राहिले. उजेड आला तेव्हा शेवटच्या रांगेत ताई दिसली. मांडीवर पिशवी घेऊन, अगदी ताठ बसलेली. एकटीच आली होती.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. घाट उतरून कसारा मागे पडला, तेव्हा म्हणाली, "आई हितं नव्हती."

"मग?"

"मामाकडं. डोंगराच्या पल्याड. बाबांशी भांडून गेलेली. दर बाजाराला शाळेच्या कुंपणापाशी यायची, तुला बघाया. मला म्हनली, बारकीला सांगू नको, मागं लागंल."

"तू कधीच कसं बोलली नाहीस?"

"तिनं नको म्हनलेलं ना." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तुझ्या वेण्या कोन घालतं इचारायची. मी घालते म्हनलं, तर लय रडली."

शहापूरला मी तिला राहा म्हटलं. म्हशींचं दूध काढायचंय म्हणून ती मुरबाडच्या गाडीत बसली.

नंतर आणखी एका महोत्सवाचा अर्ज आला. तो तसाच पडून आहे. कसाऱ्याची खानावळ आता माझ्या तोंडून निघत नाही, आणि कुंपणाची गोष्ट ताईची आहे. ती नाटकासाठी तिच्याकडे मागता येत नाही.

एका बाजाराच्या दिवशी रजा टाकून मी आमच्या जुन्या शाळेपाशी गेले. कुंपणाच्या जागी आता भिंत आहे. मधली सुट्टी झाली. पोरांचा गलका ऐकू येत होता, दिसत कुणी नव्हतं. टाचा उंचावून पाहिलं. दोन वेण्यांची एक मुलगी नळावर पाणी पीत होती. ती आत जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.