नाव नंतर, आधी माणूस

"नाव नंतर. आधी माणूस दाखवा."

असं म्हणताना भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे असे बघायचे, की आपण खरंच आपणच आहोत ना, अशी शंका आपल्यालाही यावी. तुमच्याही कचेरीत असे एक भाऊ असतीलच. आमची कंपनी रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करते. तिथे संगणकात कर्मचाऱ्यांची एक यादी आहे. कोण कुठल्या खात्यातला, त्याला काय उघडायची परवानगी, सगळं त्या यादीत. तिच्यात नाव घालणं आणि काढणं भाऊंच्या हातात होतं.

नवा माणूस आला की ते त्याला उजेडात उभा करून फोटोशी ताडून बघत. एकदा मालकांच्या जावयाला अर्धा तास बाकावर बसवलं, कारण फोटोत मिशी होती.

"काढली हो मिशी," जावई म्हणाले.

"कशाला काढलीत?"

माझा विसरलेला डबा द्यायला बायको आली, तर तिलाही सोडलं नाही. "हे तुमचेच, कशावरून?" बायको म्हणाली, "मलाही अधूनमधून संशय येतो." त्या दिवसापासून भाऊ तिला फार मानायचे.

या संशयाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, कॅन्टीनमध्ये चहा पिताना. तरुणपणी कुठल्याशा ठेकेदाराकडे नोकरी लागली म्हणून देवरुखहून पहिल्या एस्टीने गेले. पहारेकरी म्हणाला, तुझं नाव लागलंय, तू मघाशीच आत गेलास. "माझ्या नावावर दुसराच आत गेला होता हो. नि खरा मी फाटकाबाहेर. दोन दिवस उभा होतो. कोण ऐकतो?" त्यानंतर मी त्यांच्या चौकशांना हसलो नाही. म्हणजे, कमी हसलो.

पुढे मालकांच्या मनाने घेतलं की आपले कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोत, कंपनीचा स्वतःचा खासगी क्लाउड हवा. रत्नागिरीत ढगांना काय तोटा, तरी आम्ही एक विकत आणला आणि कॅन्टीनमागच्या खोलीत एसी लावून बसवला. तो भाऊंच्या यादीला जोडायचं काम माझ्याकडे, कारण कंपनीचा कॉम्प्युटरवाला मी. जोडणी झाली की प्रत्येकाने एकाच नावाने, एकाच पासवर्डने सगळीकडे जायचं. क्लाउड यादीला विचारणार, हा आपला माणूस का? यादी सांगणार, हो. पण यादीला असं विचारायला क्लाउडलाही यादीत एक खातं लागतं. सगळीकडे त्यासाठी बिनमाणसाचं खातं काढतात. मीही अर्ज केला.

अर्ज परत आला. "जन्मतारीख रिकामी. फोटो नाही."

"भाऊ, तो प्रोग्राम आहे."

"मग आमच्या यादीत कशाला?"

"यादी वाचायला."

"किती वेळ वाचणार?"

"दिवसरात्र."

भाऊंनी चष्मा कपाळावर नेला. "आणि उद्या त्याने काय घोटाळा केला, तर मी पकडू कोणाला?"

आठवडाभर अर्ज पडून राहिला. शेवटी भाऊच आले. "माझं खातं लावा. पकडायला माणूस तरी असेल. पासवर्ड मी टाकतो. तुम्ही तिकडे बघा." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे दोन बोटांनी टकटक चालली होती. क्लाउड जोडला गेला. पुढे बदलू, असं मी मनाशी म्हटलं आणि चार वर्षं सुखाने विसरलो.

भाऊंचा एक नियम होता. माणूस निवृत्त झाला की त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद. मग त्यांचाच दिवस आला. सकाळी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. "संध्याकाळच्या आत वाचा." मी ते डब्याच्या पिशवीत टाकलं. निरोपाचं भाषण मला करायचं होतं आणि ते पाठ होत नव्हतं. शिवाय पाकिटात काय असणार? नव्या शंका.

भाषण बरं झालं. यादी आता माझ्याकडे आली होती. सहाच्या ठोक्याला मी भाऊंचं खातं बंद केलं. त्यांचा नियम त्यांच्यासाठीही पाळला, म्हणून मला भरूनसुद्धा आलं. फाटकाशी भाऊंनी विचारलं, "केलंत ना?"

"केलं, भाऊ."

ते एस्टीत बसून देवरुखला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकालाही आत जाता येईना. प्रत्येकाला उत्तर एकच, तुम्हाला ओळखत नाही. गाडीबरोबर द्यायच्या पावत्या निघेनात. हातखंब्याच्या गोदामात ट्रक उभे. ड्रायव्हरांचे फोनवर फोन.

"म्हातारा जाता जाता करून गेला," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मला पहिल्यापासून संशय होता."

मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. पासवर्ड टाकताना तो कीबोर्डवर हात धरायचा. खण कुलपात ठेवायचा. काल हसला का बरं? जावयांनी मिशीची गोष्ट सांगितली. दुपारपर्यंत सायबर पोलिसांना द्यायच्या तक्रारीचा कागद तयार झाला, वर भाऊंचं पूर्ण नाव. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर भाऊ पुन्हा फाटकाबाहेर, आणि या वेळी चोर म्हणून.

मी क्लाउडच्या नोंदी उघडल्या. आदल्या संध्याकाळी सहापासून यादी एकच नाव नाकारत होती. भाऊंचं. मी डब्याची पिशवी शोधली.

भाऊ प्रत्येक पाकिटाला दोनदा चिकटपट्टी लावून जोडावर सही करायचे. हे पाकीट उघडंच होतं. नुसता कागद आत दुमडलेला. "क्लाउड माझ्या नावावर चालतो. माझं खातं बंद करण्याआधी दुसरा माणूस नेमा. नाहीतर कोणालाच आत जाता येणार नाही."

पाकीट परत पिशवीत टाकता आलं असतं. कोणाला कळलं असतं? मी तेवढा वेळ उभा राहिलो, हेही सांगून टाकतो. मग साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. अगदी भाऊंसारखं, फक्त चष्मा कपाळावर नव्हता. "हे काल सकाळी दिलं? मग वाचलं का नाहीत?"

"भाषण पाठ करत होतो."

तक्रारीचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नंतर मला लेखी ताकीद मिळाली, ती मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "लग्नपत्रिका लग्न झाल्यावर उघडणारा माणूस तुम्ही. भाऊंना एवढाही संशय आला नाही?"

तेच तर. जगावर संशय घेणाऱ्या माणसाने मला पाकीट उघडं दिलं होतं.

रविवारी देवरुखला गेलो. दार वीतभर उघडलं. "कोण?"

मी नाव सांगितलं.

"नाव नंतर. उजेडात या."

मी उजेडात आलो. आत बुद्धाच्या मूर्तीपुढे मोगरा ठेवलेला. चहा झाला. मी सगळं सांगितलं, तक्रारीच्या कागदासकट. भाऊंनी कपबशा उचलून बाजूला ठेवल्या.

"आता कोणाचं नाव लावलंत?"

"माझं. अर्जाला फोटोही लावला."

"हं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हीही कधीतरी निवृत्त व्हाल. तेव्हा पाकीट कोणाला देणार, तो माणूस आत्तापासून बघून ठेवा."

आणि दार लावून घेण्याआधी म्हणाले, "नि चिकटपट्टी लावू नका."