भाऊच्या ताटातलं तेल

माझ्या थोरल्या भावाने मला सातवीतून काढलं आणि जळगावच्या भाजीबाजारात गोण्या उचलायला लावलं. वडील वारले होते, दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. तो शिकून शिंदखेड्याला मास्तर झाला. मी त्याच बाजारात पुढे स्वतःची आडत टाकली. लोक म्हणायचे, झालं ते भल्यासाठीच. मला तसं कधी वाटलं नाही. भाऊने एकदा तरी 'चुकलं माझं' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

एकोणीसशे नव्वद सालच्या आसपास भाऊच्या छातीत दुखलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब फार आहे. गोळ्या घ्यायच्याच, शिवाय मटण बंद, तूप बंद, तेल नावापुरतं. पालेभाज्या, डाळी, फळं आणि भाकरी. नाहीतर पुढचा झटका सोसणार नाही.

मी घाबरलो. ज्याच्यावर रागवायचं तोच गेला तर काय करायचं? दर रविवारी आडत बंद ठेवून मी एसटीने शिंदखेडा गाठू लागलो. पिशव्यांत पोकळा, मेथी, गिलकी, भरताची हिरवी वांगी.

दीड महिन्याने तपासणी झाली. रक्तदाब होता तिथेच. मी घरी येऊन वहिनींवर घसरलो. "चोरून मटण देता ना याला?"

"देवाशप्पथ नाही, भाऊजी. दोन्ही वेळ भाजीच."

जेवायला बसल्यावर उलगडा झाला. वहिनींनी भरीत वाढलं आणि त्यातून तेल निघून भाकरीखाली गेलं. आमच्याकडे भाजीला तवंग नसेल तर वाढणारीलाच चोरट्यासारखं होतं. मटण बंद झालं म्हणून त्या माउलीने भाजीत तेलाची पळी वाढवली होती.

"आजारी माणसाला कोरडं कसं वाढू?" त्या म्हणाल्या.

मी नको तेवढा ओरडलो. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. ताट तसंच ठेवून चुलीशी गेलो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली दोन वांगी अजून उरली होती. ती ठेचली, भाजलेली मिरची आणि लसूण घातला, कांद्याची पात चिरून टाकली. तेल एक चमचा.

भाऊने ताटात पाहिलं. "हाई काय शे? तेल कोठे गयं?"

"एक चमचा आहे."

"चार टाक."

"एकच."

"तीन. मी तुना मोठा भाऊ शे."

"म्हणून तर एक. धाकटा असतास तर अर्धाच दिला असता."

वहिनी रडता रडता हसल्या. सौदा दीड चमच्यावर पटला. बाजारात मी कोणाला एक शेंग जास्त सोडत नाही, इथे अर्धा चमचा सोडला. भाऊ घास तोंडात घोळवत बसला. "लोक तुझ्याशी व्यवहार करतात तरी कसे," म्हणाला, पण ताट पुसून खाल्लं.

पुढे दर रविवारी घासाघीस ठरलेली. तो तीनपासून सुरू व्हायचा, मी अर्ध्यापासून. हळूहळू त्याचा आकडा खाली येत गेला, आणि एके दिवशी त्याने वरणावर तूप मागितलंच नाही.

पुढच्या तपासणीत रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. "गोळ्यांच्या बरोबरीने हे जेवणही तुम्हाला सांभाळतंय," म्हणाले, "सोडू नका."

धुळ्याच्या स्टँडवर भाऊने पेरू घेतले, विकणारी बाई म्हणेल त्या भावाने. मी चिडलो. त्याने लक्ष दिलं नाही. रुमालाने पुसून सगळ्यात मोठा पेरू मला दिला.

"माझ्यापायी रविवारी आडत बंद ठेवतोस ना?" त्याने विचारलं.

"ठेवतो."

मला हवं होतं ते तो काही बोलला नाही, आणि त्या दिवशी मीही उकरून काढलं नाही. येत्या रविवारी काय आणू, एवढं विचारलं.

पोकळा आण, म्हणाला. मेथी त्याने घरामागच्या वाफ्यात स्वतःच पेरली होती.