खुर्च्या फिरवणाऱ्या बाई

बाई आल्या की आधी खुर्च्या फिरवायच्या. आमच्या माणसांनी उन्हात घाम गाळून रांगा लावलेल्या, आणि या पदर खोचून त्यांचं रिंगण करायच्या. "समोरच्याचं टाळकं बघून मंडळी कळत न्हाय, इस्माईल. तोंडं बघावी लागत्यात."

उमरग्यात माझा मंडपाचा धंदा. चर्चच्या अंगणात बुधवारी बाईंचा अभ्यासवर्ग भरायचा, त्याला खुर्च्या माझ्याकडच्या. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मंडळीचा अभ्यास हाय," तेव्हा मी दचकलोच. आमच्याकडं मंडळी म्हणजे बायको. तिचा अभ्यास करून आजवर कुणाचं भलं झालंय? बाई पोट धरून हसल्या. "आमच्यात चर्चला मंडळी म्हणत्यात, बाबा. इमारतीला न्हाय, माणसांना."

बाई निवृत्त नर्स. मंडळी म्हणजे काय, तिचा पुढारी कसा असावा, तिनं जगावं कसं, हे त्या शिकवायच्या आणि मी ताडपत्रीची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधत ऐकायचो. "मंडळी म्हंजे शरीर. डोकं एकच, ख्रिस्त. आपण हातपाय. गुडघा म्हणाला मीच अध्यक्ष, तर माणूस चालंल का?" लोक हसायचे. समोर बसलेले मंडळीच्या कमिटीतले दोन पंच तेवढे हसत नसत.

एक पंच मास्तर, दुसरे ट्रकवाले. चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, त्यांची बदली झाली, नवे यायचे होते, आणि तोवर मंडळी कुणी चालवायची यावरून दोघांत जुंपली. एके सकाळी मास्तरांचा फोन: रविवारच्या उपासनेला खुर्च्या आमच्या शेतात पाठवा. दुपारी ट्रकवाल्यांचा: रविवारी खुर्च्या हायवेच्या गोडाउनला. मंडळी फुटणार, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं! आमच्या मशिदीच्या कमिटीतली भांडणं मी पाहिलेली.  तडक बाईंकडं गेलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोघांनाबी सांग, खुर्च्या बाईंनी अडवल्यात."

शनिवारी दोघेही तणतणत चर्चच्या अंगणात आले. खुर्च्यांचं रिंगण तयार होतं.

"बसा. हितंच भांडा, पण तोंडं बघून."

दोघं मनसोक्त भांडले. बाई मध्ये पडल्या नाहीत. दोघं दमल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्या मेले की माझी पेटी कबरस्तानात कोण उचलून नेणार? मास्तरांची मंडळी का ट्रकवाल्यांची? एकाच अंगानं उचलली तर म्या खाली पडंन की!"

मास्तरांना हसू फुटलं. ट्रकवाल्यांनी मान वळवून डोळे पुसले. नवे पाळक येईपर्यंत दोघांनी आळीपाळीनं उपासना चालवायची, याच चर्चमध्ये, असं ठरलं आणि दोघं एकाच मोटारसायकलवर घरी गेले. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. आठवतात त्या मात्र त्या शनिवारच्याच. दोघं गेल्यावर मी खुर्च्या उचलायला गेलो, तर बाई बसूनच होत्या. 

"लई भ्याले होते रे. दोघं उठून गेले असते तर म्या काय करणार होते?"

मी म्हटलं, "बाई, चहा आणतो."

चहा घेऊन आलो, तर बाई बसल्या जागी गाढ झोपलेल्या, हळूहळू घोरत. मी बाकीच्या खुर्च्या आवाज न करता टेम्पोत चढवल्या, आणि ती एक तशीच राहू दिली.