नाक मागं जातं

आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये छोटा आरसा असायचा, पण त्यात त्यांनी स्वतःचं तोंड पाहिलेलं कुणाला आठवत नाही. वर्गात आल्या की तो नाकाखाली आडवा धरायच्या, त्यावर उमटलेले वाफेचे दोन डाग बघायच्या आणि जाहीर करायच्या, "आज डावी कामावर हाय, उजवी रजेवर." नाकपुड्या आळीपाळीनं राबतात, हे आम्ही तासगावच्या पोरी तिथं शिकलो. पाठीमागं आम्ही त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणायचो. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

नाकाचा धडा पुस्तकात जेमतेम दीड पानाचा. बाई तो आठवडाभर पुरवायच्या. दारातले केस म्हणजे राखणदार. आत भिंतींना तीन-तीन वळकट्या. त्यांच्यामधून फिरताना हवा ऊबदार होते, ओली होते, धूळ तिथंच चिकटते. "पाहुण्याला थेट माजघरात न्हाई घेत, आदी पडवीत बसवायचं," असं त्या सांगायच्या. तोंड उघडं टाकून ऐकणाऱ्या पोरीला खडू ठरलेला. "तोंड मिट. नाकानं घे."

फळ्यावर नाक काढायला सांगितलं की आम्ही सगळ्या आतली वाट वर कपाळाकडं न्यायचो. बाई ती खसाखसा पुसायच्या. "नाक वर जात न्हाई, मागं जातं. टाळूच्या वरनं सरळ मागं, आन् तिथं तोंडाला मिळतं." एवढ्याशा गोष्टीवर त्या इतक्या चिडायच्या की मला हसू फुटायचं. त्यापायी एकदा वर्गाबाहेरही उभी राहिले. नाक कुठंही जाईना का, आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं.

लग्नानंतर मी बेदाण्याची शेड असलेल्या घरात आले. तीन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, भर दुपारी माझ्या चिमीनं उजव्या नाकपुडीत बेदाणा घातला. ती तेव्हा तीन वर्षांची. मी चिमट्यानं धरायला गेले आणि तो आणखी आत सरकवून बसले. बेदाणा ओलाव्यानं फुगतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. गाडी घेऊन नवरा बाहेर गेलेला, मिरजेचा दवाखाना लांब. सासऱ्यांनी तपकिरीची डबी उघडली. "हुंगीव तिला. एक शिंक आली की भायेर पडतोय."

मी चिमूट घेतलीसुद्धा. पण दुसऱ्या हातानं आधी बाईंना फोन लावला आणि बेदाणा, तपकीर, सगळं एका दमात सांगितलं. निवृत्तीनंतर त्या कडेगावला राहायच्या.

"तपकीर फेकून दे," त्या एवढंच म्हणाल्या. मग भराभर बोलू लागल्या. "शिंकायच्या आदी माणूस आत वडतंय. त्यो मागं जाईल, श्वासनळीत बसंल. पोरीला मांडीवर बसीव. आडवी करू नगो. मोकळी नाकपुडी दाब. तिच्या तोंडावर तुजं तोंड घट लाव, आन् बारकी फुंकर मार. हवा मागनं शिरंल, पुढं यील."

चिमी रडत होती. प्रत्येक हुंदका ती आत ओढायची आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढं तो बेदाणा मागं सरकत होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पहिल्या फुंकरीनं काही झालं नाही.

"पुन्ना," स्पीकरवरून बाई म्हणाल्या. "नाक मागं कुठं मिळतं?"

"तोंडाला, बाई."

"मग मार की."

दुसऱ्या फुंकरीला माझ्या गालावर काहीतरी ओलं आदळलं. बेदाणा. फुगून पुन्हा द्राक्ष व्हायच्या वाटेला लागलेला. सासऱ्यांनी डबी मिटून खिशात टाकली आणि चिमीला जवळ घेतलं.

"आला, बाई," मी म्हणाले.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा, उघड्या तोंडाचा. बाईंना तोंडानं श्वास घेताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"संध्याकाळी मिरजंला दाखवून घे तरी," त्या शेवटी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माज्या धाकट्या भावाच्या नाकात चिंचुका गेल्ता. मी नऊ वर्षांची. तपकीर मीच दिली हुती."

पलीकडं त्या तशाच धापा टाकत होत्या.

"बाई," मी म्हणाले, "तोंड मिटा. नाकानं घ्या."

त्यांनी ऐकलं.