ज्याचं त्यानं ओवायचं

ऑर्व्हल टीगनं पस्तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कापड कापलं. कापडाचे साठ थर एकावर एक, वर खडूची रेघ आणि त्या रेघेवरून फिरणारं पातं. रेघ चुकली की साठ शर्ट वाया. किती वाया घालवलेस असं कोणी विचारलं, तर तो म्हणायचा, "एकदाच. जॉलीन जन्मली त्या दिवशी." कारखाना बंद पडला, त्यानंतर बायको लर्लीन गेली, आणि मागच्या वर्षीपासून त्याचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, नंतर डावा.

आमचा बास मासे पकडणाऱ्यांचा क्लब बारा जणांचा. बाराच्या वर माणूस घ्यायचा नाही, कारण आमिषाच्या दुकानामागच्या खोलीत बाराच खुर्च्या मावतात. महिन्यातून एका शनिवारी तलावावर जायचं, टोपीतून चिठ्ठ्या काढून दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, आणि तीन वाजता धक्क्यावर परत येऊन मासे तोलायचे. सलग तीन महिने ज्याला एकही मासा मिळाला नाही, त्याची खुर्ची रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते. मी वीज संस्थेत हिशेब पाहतो, त्यामुळे क्लबची नोंदवही माझ्याकडे असते. ऑर्व्हलच्या नावापुढे डिसेंबर कोरा होता आणि जानेवारीही.

खुर्ची गेली असती तर एरवी एवढं काही बिघडलं नसतं. पण जॉलीन लांब टल्सा शहरात राहते. बापानं आपल्याकडे येऊन राहावं म्हणून ती दीड वर्ष मागे लागली होती. थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर तिनं विषय फारच ताणला, तेव्हा ऑर्व्हल म्हणाला, "क्लबात खुर्ची आहे तोवर मी इथून हलत नाही. गेली की ये मला न्यायला, एक शब्द बोलणार नाही." तो शब्द पाळणारा माणूस आहे हे तिला माहीत होतं. तिनं हो म्हटलं आणि त्याच्या पानात आणखी हॅम वाढलं.

थंडीत आमच्या तलावाचं पाणी काचेसारखं होतं. पंधरा हात खोल तळाचा खडा दिसतो. अशा पाण्यात मोठ्या आमिषाकडे बास ढुंकूनही पाहत नाही. त्याला लागतं बोटाएवढं रबरी गांडूळ, पेन्सिलीहून बारीक, आणि त्याच्या पुढे हरभऱ्याएवढं शिसं. ते ओवायचं असतं नीट. गळाचं टोक डोक्यातून तांदळाच्या दाण्याएवढं आत घालून बाजूनं बाहेर काढायचं, गळ पूर्ण ओढून घेऊन उलटा फिरवायचा, मग तो गांडुळाच्या अंगावर धरून वाक नेमका कुठे येतो तिथे नखानं खूण करायची, आणि त्याच जागी टोक पुन्हा अंगात लपवायचं. खूण अर्धा दाणा जरी चुकली, तरी गांडूळ चुरगळून वाकडं बसतं, पाण्यात उतरताना गिरक्या घेतं, आणि गिरक्या घेणारं गांडूळ पाहून मासा मागे फिरतो. कापणाऱ्याच्या हाताचं काम. एकेकाळी ऑर्व्हल हे न बघता, गप्पा मारता मारता करायचा.

फेब्रुवारीत चिठ्ठ्या काढल्या तेव्हा त्याची जोडी माझ्याशी लागली.

सकाळी सातला आम्ही माझ्या बोटीतून निघालो. गवतावर दहिवर गोठलेलं होतं. गुडघ्यांवर टॉवेल पसरून ऑर्व्हल पहिलं गांडूळ ओवायला बसला. टोक डोक्यात जाईपर्यंत ठीक होतं. उलटा फिरवताना हात हलला आणि गांडूळ फाटलं. दुसरंही फाटलं. तिसरं बसलं, पण असं की त्याला मुरड पडली होती. त्यानं तेच पाण्यात टाकलं. गळाची काठी धरून तो वाट पाहत राहिला आणि मी दुसरीकडे बघत राहिलो.

"देवानं गांडुळाला हाडं दिली नाहीत," तो म्हणाला, "आता माझ्या बोटांतलीही काढून घेतलीत."

"कॉफी घे. बोटं गरम होतील."

"थंडीमुळे नाही होत हे, रॉइस. उगाच डॉक्टर होऊ नकोस."

दहा वाजेपर्यंत मला दोन मासे मिळाले. ते बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडताना पाण्याचा आवाज झाला, त्याची मला लाज वाटली. ऑर्व्हलच्या पायाशी फाटलेल्या गांडुळांचा ढीग झाला होता. शेजारी बसून मी काही करू शकत नव्हतो. आमच्याकडे नियम आहे: ज्याचं त्यानं ओवायचं. मासा वर आला की जोडीदारानं जाळं धरावं, पण त्याच्या गळाला हात लावायचा नाही. एक दातांचा डॉक्टर दरवेळी जोडीदाराकडून सगळं लावून घ्यायचा आणि बक्षीस मात्र स्वतः न्यायचा, म्हणून हा नियम झाला. वहीच्या पहिल्या पानावर तो ऑर्व्हलच्याच अक्षरात आहे.

अकराच्या सुमारास त्यानं सलग पाच गांडुळं फाडली. सहाव्याला गळ त्याच्या अंगठ्यात शिरला. तो त्यानं उपसून काढला, अंगठा तोंडात धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टल्सात तलाव आहेत म्हणे. जॉलीनच्या घरासमोर एक आहे. त्यात बदकं असतात. लोक पाव टाकतात."

"अजून चार तास आहेत."

"माझी अठरा उरलीत," तो म्हणाला. गांडुळं, हे मला कळलं.

मी टाकलेल्या जागी पुन्हा मासा लागला. मी तो मुद्दाम सुटू दिला. ते त्याच्या लक्षात आलं. "असले उपकार करू नकोस," तो म्हणाला. "मासा तुझा होता."

दुपारी त्याला काठावर जायचं होतं. या वयात ते वारंवार होतं. मी बोटीचं नाक वाळूवर टेकवलं, तो सावकाश उतरला आणि देवदारांच्या मागे गेला. त्याची काठी आडवी पडली होती, गळाला त्याचं वाकडं बसलेलं गांडूळ होतं. मी हिशेबाच्या चौतीस वर्षांत एक ओळ खोटी लिहिलेली नाही. तरी माझा हात पुढे गेला. मी ते काढलं, त्याच्याच पुडीतलं हिरवं घेतलं, ओवलं, मोजलं, टोक लपवलं. मिनिटभराचं काम. काठी होती तशी ठेवली. तो परत आला, बसला, चष्म्यावर वाफ होती ती पुसलीही नाही, आणि त्यानं गळ पाण्यात फेकला.

तिसऱ्या फेकीला दोरी बाजूला सरकली. ऑर्व्हलनं काठी वर खेचली आणि ती वाकली. हात थरथरत होते, पण दोरी गुंडाळणाऱ्या फिरकीवर त्यांनी चूक केली नाही. मी जाळं धरलं. मासा दोन पौंडांना थोडा कमी, अंगावर काळा पट्टा. ऑर्व्हलनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, त्याचा कोट भिजला.

"लर्लीन असती तर म्हणाली असती, कोट आत्ताच धुतला होता," तो म्हणाला, आणि हसला. त्या दिवसातलं तेवढं एकच हसू.

आमच्याकडे मासा एकटा तोलत नाहीत. दोरी वीतभर वर कापून गळ गांडुळासकट माशाशेजारी टेबलावर ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांना कळतं आज कोणतं आमिष चाललं. ऑर्व्हलचे हात माशात गुंतले होते, म्हणून दोरी मीच कापली आणि गळ एका डबीत ठेवला. तेव्हा अंगठ्यानं ते गांडूळ थोडं दाबलं असतं, जरा मुरड पाडली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. माझ्या डोक्यातही आलं नाही. चांगलं बसलेलं काम वाकडं करायचं मला सुचतच नाही.

तीन वाजता धक्क्यावर सगळे जमले. बडी केगल आमचा अध्यक्ष, पंचेचाळिशीचा, आवाज मोठा. त्यानं काटा वाचला आणि डबी उघडून गळ टेबलावर ठेवला.

"बघा रे," तो म्हणाला, "मिस्टर ऑर्व्हल, तुमचा कापणाऱ्याचा हात परत आला की. रेघेवर बसलंय."

दोघेतिघे वाकून पाहू लागले. कोणीतरी टाळी वाजवली. ऑर्व्हलनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि गांडूळ उचललं. रबरी गांडुळाची एक बाजू गोल असते, एक चपटी, आणि गळ कोणत्या बाजूनं बाहेर काढायचा ते ज्याच्या त्याच्या सवयीचं. तो गोल बाजूनं काढतो, कापडाची सुलटी बाजू वर ठेवायची सवय म्हणून. मी चपट्या बाजूनं. त्यानं गांडूळ उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं, आणि टेबलावर ठेवलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"तुमच्याच पुडीतल्या रंगाचं आहे की," बडी म्हणाला.

"पुडी माझी. ओवलेलं माझं नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मासा नोंदवू नका."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी लावलं. तो काठावर गेला होता. त्याला माहीत नव्हतं."

"मग यात मिस्टर ऑर्व्हलचा काय दोष," बडी हळू आवाजात म्हणाला. असा हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "आणि नियम तुम्हीच केलात, मिस्टर ऑर्व्हल. एकदा तुम्हीच मोडा."

"दुसऱ्या कोणी केला असता तर मी भांडलो असतो," ऑर्व्हल म्हणाला. "स्वतःशी कसं भांडू?"

त्यानं मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर थांबला, शेपटी हलवली आणि खाली गेला. मी वही उघडली आणि फेब्रुवारीच्या घरात रेघ मारली. माझे दोन मासेही खोडले, कारण नियमानं मीही बाद होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

परत येताना गाडीत त्यानं विचारलं,

"किती वेळ लागला तुला?"

"मिनिटभर."

"मिनिटभर." त्यानं हात मांडीखाली दाबून धरले होते. "वाईट वाटून लावलंस, ते मला कळतं. पण माझं मी हरलो असतो तर जॉलीनला काही सांगता आलं असतं. पाण्यात मासा नव्हता म्हणालो असतो. आता मासा होता. गांडूळही माझ्याच पुडीतलं होतं. फक्त मी नव्हतो."

त्याच्या दाराशी मी त्याची काठी उतरवून दिली आणि माफी मागितली. "बरं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. बायकोनं सोबत घरी भाजलेली पावासारखी बिस्किटं आणि वर ओतायची ग्रेव्ही दिली होती. जॉलीन दुपारी येणार होती. ओसरीवर रिकामी खोकी उभी होती, एकातही काही भरलेलं नव्हतं. ऑर्व्हल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर नवी पुडी, गळ, आणि मेणकापडावर फाटलेल्या गांडुळांचा रंगीत सडा.

"फोनवर म्हटलं तिला, मार्चपर्यंत थांब," तो म्हणाला. "म्हणाली, डॅडी, तुम्ही शब्द दिला होता. खरं आहे. दिला होता."

"बडी म्हणतो, रांगेतला माणूस थांबायला तयार आहे."

"त्याला कशाला थांबवता. त्याचे हात चांगले आहेत." त्यानं एक गांडूळ पुढे केलं. "बघ."

मी उजेडात धरून पाहिलं. खरं सांगू की नाही, याचा विचार केला.

"वाकडं आहे."

"किती?"

"अर्धा दाणा."

त्यानं मान हलवली, ते माझ्या हातून घेतलं आणि गळातून ओढून काढलं. बाहेर खडीवर गाडी वळल्याचा आवाज आला, मग गाडीचं दार लागलं. ऑर्व्हलनं पुडीतून पुढचं गांडूळ उचललं आणि टोक त्याच्या डोक्याशी नेलं. ते हलत होतं. त्यानं कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं आणि श्वास धरला.

"दार तू उघड," तो म्हणाला. "माझे हात गुंतलेत."