ताईचा हिरवा नकाशा

"वरून दिसलं ते खाली विचारून घ्यावं," असं ताई म्हणायची. भाजीवालीच्या टोपलीतलं वरचे टोमॅटो बाजूला सारताना म्हणायची, भावजयीनं भाजी शिजली म्हटल्यावर झाकण उचलून चमचा घालताना म्हणायची, आणि भाचीच्या कपाळाला हात लावून झाल्यावर थर्मामीटर शोधतानाही म्हणायची. भावजय वैतागायची. धाकटा भाऊ मात्र हसायचा, कारण ताईची भाकरी त्याच वाक्यावर चालली होती हे त्याला ठाऊक होतं.

समुद्राच्या कचेरीत वरच्या मजल्यावर, रंग उडालेल्या खिडकीपाशी तिचं टेबल. रोज दुपारच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरून जायचा आणि समुद्राच्या रंगाचं चित्र खाली यायचं. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या वनस्पती तरंगत असतात, आणि झाडाच्या पानात असतं तेच हरितद्रव्य त्यांच्याही अंगात असतं. या वनस्पती उजेडातला निळा रंग पिऊन टाकतात, म्हणून जिथे त्या दाट तिथे पाणी हिरवट दिसतं. तो हिरवटपणा मोजून ताई हरितद्रव्याचा अंदाज काढायची. ढगाखालचा भाग सोडून द्यायची, ऊन चकाकून चित्र आंधळं झालेलं असेल तोही सोडायची, आणि उरलेल्याचा नकाशा करायची. हिरव्यामागे बारीक जीव, बारीक जिवांमागे मासळी. नकाशा बंदरावरच्या फळ्यावर लागायचा.

भावाची स्वतःची बोट होती. फळ्यावरच्या त्या रंगीत कागदाला बाकीचे नाकं मुरडत होते तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवणारा पहिला तोच. मग त्याचं बघून दुसरे जाऊ लागले. म्हणूनच एका वर्षी घात झाला तो त्याच्याच तोंडावर आला. नदीच्या मुखापाशी नकाशा गर्द हिरवा दिसत होता, सगळ्या बोटी तिथे गेल्या, आणि जाळ्यांना गाळ माखून परत आल्या. शेजारच्या बोटीचे काका रोज सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "काय रे, ताईनं आज कुठला चिखल हिरवा रंगवलाय?"

ओरड कचेरीपर्यंत गेली. मोठे साहेब ताईला म्हणाले की नकाशा आणि प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ बसला तर ठीक, नाहीतर मोसम संपला की नकाशा बंद. पाणी आणायला पूर्वी कचेरीचा एक माणूस बोटीवर जायचा, पण त्याची बदली झालेली. भाऊच पुढे झाला. रोज समुद्रात जातोच आहोत, बाटल्या भरायला काय वेगळं डोकं लागतं, असं तो म्हणाला. कुठे थांबायचं, उपग्रह जायच्या वेळेला पाणी कसं घ्यायचं, सगळं त्यानं समजून घेतलं. बाटल्या, त्यांच्या काळ्या कापडी पिशव्या आणि बर्फाची पेटी कचेरीनं दिली. त्यानं आणलेलं पाणी प्रयोगशाळेत गाळलं जायचं, गाळणकागदावर उरलेलं हिरवं मोजलं जायचं, आणि ताईच्या हाती यायचे ते नुसते आकडे.

आकडे निराश करणारे होते. गढूळ मुखापाशी मेळ बसणार नाही हे ताईनं धरलंच होतं. पण खोल, स्वच्छ समुद्रातही नकाशा भरलेला आणि बाटली जवळजवळ रिकामी. ती घरी यायची, ताटातलं नुसतं चिवडत बसायची. भावजयीनं मीठ जास्त झालं का विचारलं तर झालं म्हणायची, कमी झालं का विचारलं तरी झालं म्हणायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं की उद्या मी बोटीवर येणार.

भाऊ बघतच राहिला. तिचा जन्म समुद्र बघण्यात गेला, पण तो वरून. बोटीच्या फळीवर ताईनं कधी पाय ठेवला नव्हता.

बंदर मागे पडलं तशी ती पांढरीफटक झाली. कपाळावर ओला रुमाल आणि एक हात कठड्याला. भाऊ मात्र खुशीत होता. आपण काम किती निगुतीनं करतो हे तिला दिसणार होतं. पहिल्या ठिकाणी त्यानं इंजिन बंद केलं, दोरीनं पाणी काढलं, बाटली दोनदा विसळून भरली. मग ती पुसून केबिनच्या टपावर, लख्ख उन्हात, रिकाम्या बाटल्यांच्या ओळीत ठेवून दिली. ताईच्या कपाळावरचा रुमाल खाली आला.

"पिशव्या कुठायत?"

"आत आहेत, घडी घालून. खाऱ्या वाऱ्यानं कापड विटतं गं. बंदर आलं की घालतो आणि मग पेटीत ठेवतो. आधीपासून बर्फात ठेवलं तर मासळीचा वास लागायचा पाण्याला."

ताईनं डोळे मिटले. भावाला वाटलं, हिला आता ओकारी होणार. पण ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, पिशव्या म्हणजे बाटलीचे सणासुदीचे कपडे नव्हेत. आपण जे हिरवं मोजतो ना, ते बाटलीत कोंडून उन्हात ठेवलं की नासतं. तू बंदराला पोचेपर्यंत त्यात मोजायला उरतंय काय?"

भाऊ मटकन खाली बसला. ज्या नकाशासाठी टपरीवर रोज काकांशी हुज्जत घातली, तो आपल्याच हातानं बुडवत होतो, आणि तेही किती धुऊनपुसून. त्याला ताईकडे बघवेना. ती सरकत सरकत त्याच्याजवळ आली.

"काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलंच नाही मी. ऊठ, ते पाणी ओत आणि पुन्हा काढ. उपग्रह तुझ्यासाठी थांबायचा नाही."

तो उठला. त्या दिवशी वर एक ढग रेंगाळत होता, तो वेळेवर सरकला. प्रत्येक बाटली भरल्याक्षणी काळ्या पिशवीत आणि पिशवी बर्फात गेली. ताईला मधे दोनदा कठड्यावर वाकावं लागलं, तरी पेटीचं झाकण तिनं स्वतःच लावलं. पुढच्या खेपांना ती गेली नाही. भाऊ एकटा जात राहिला, आणि आता झाकण उघडं राहिलं तर खलाशांवर खेकसू लागला.

मोसम सरत आला तेव्हा एका संध्याकाळी ताई बंदरावर आली. भाऊ जाळं सोडवत होता, काका शेजारी पाय पसरून बसले होते. तिनं दोघांनाही सांगितलं. खोल पाण्यात नकाशा आणि बाटल्या आता बऱ्याच जवळ आल्यात. नदीच्या मुखाचं गणित अजून सुटलेलं नाही; गाळ चित्राला फसवतोच, म्हणून तेवढा भाग यापुढे करडा राहील, तिथे हिरवं शोधू नका. पण साहेबांनी सही केली. नकाशा पुढच्या मोसमातही लागणार.

काका घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे माहीत नाही तिथं माहीत नाही असं लिहिणार म्हणा की. मग वाचतो मी तुमचा कागद."

भावानं त्या दिवशीच्या बाटल्यांची बर्फाची पेटी बोटीतून उचलून दिली आणि वरपर्यंत आणून देऊ का विचारलं. ताईनं मानेनंच नको म्हटलं, पेटी कमरेवर घेतली आणि बर्फाच्या कारखान्यासमोरच्या ओल्या चढणीला लागली. पेटीच्या वजनानं एका अंगाला कलून ती चालत होती. वर पोचून ती कचेरीच्या रस्त्याला वळली. भाऊ जाळ्यात बोटं अडकवून बघत राहिला, आणि काकाही, पाय आखडून घेऊन.