अंडीवाल्या मॅडम

मेंदूतल्या द्रवाला कोणी ‘पाणी’ म्हटले, की त्या शिकवणे थांबवत. ‘पाण्यावर मेंदू वाढत नाही. खुराक म्हणा,’ असे सांगून खडू खाली ठेवत आणि विद्यार्थ्याने शब्द बदलेपर्यंत उभ्या राहत. नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना सगळे अंडीवाल्या मॅडम म्हणत. माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या त्या शेवटच्या.

त्यांचा प्रश्न सरळ होता. कोंबडीच्या गर्भात मेंदू प्रथम पोकळ नळीसारखा असतो आणि आतल्या द्रवाने फुगतो. हा द्रव नळीला केवळ ताणून धरतो, की तिच्या पेशी वाढवतोही? मॅडम अंड्याच्या कवचाला लहानशी खिडकी पाडत, केसासारख्या काचेच्या नळीने द्रव काढत आणि तेवढेच मिठाचे पाणी भरत. ताण तोच, खुराक नाही. मग न छेडलेल्या गर्भांशी तुलना.

अंडी त्या दिंडोरीजवळच्या हॅचरीतून स्वतः स्कूटरवर आणत. एकदा मी बरोबर होतो. मालक म्हणाला, ‘मॅडम, एवढी अंडी नेता, कधी एखादं पिल्लू तरी दाखवा.’

‘कोंबड्यांना कळू देऊ नका, दादा. संपावर जातील.’

एप्रिलमध्ये निकाल आला. मिठाचे पाणी भरलेल्या मेंदूंच्या भिंती स्पष्ट पातळ होत्या. प्रबंधाची मुदत जूनअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द. मी पाने वाचून पसंती दिली. त्याच आठवड्यात त्या परत आल्या.

‘सर, हे टाकून द्यावं लागेल.’

‘कारण?’

‘तुलनेची अंडी वेगळ्या दिवशी आणली होती. सातपूरला बहिणीकडे जेवायला थांबले, गाडी उन्हात. अंडी डिकीतच उबायला लागली असणार. त्यांचे मेंदू आधीच पुढे गेले. फरक द्रवाचा की उन्हाचा, कसं सांगू?’

‘मुदत?’

‘गेली तर गेली.’ त्या मूळच्या देवळ्याच्या. मन हलले की बोलणे गावाकडे वळे. ‘लय जिवावर आलंय, सर. पण खोटं नाय देणार.’

विद्यापीठाने मुदत वाढवली नाही. नोंदणी गेली. मॅडमनी पहिल्यापासून सुरुवात केली. आता सगळी अंडी एकाच खेपेत, पहाटेच्या गारव्यात, थर्मोकोलच्या पेटीतून येत. हिवाळा संपताना निकाल आला. फरक पूर्वीपेक्षा कमी होता; पण होता. मिठाच्या पाण्याऐवजी दुसऱ्या गर्भाचा द्रव भरला, तेव्हा भिंती पुन्हा जाड झाल्या.

‘नव्याने नोंदणी करा,’ मी म्हणालो.

‘करते. आता घाई नाही, सर. उत्तर तर हातात आहे.’

नोंदणी होण्यापूर्वीच आजाराने त्या गेल्या. त्यांचा शोधनिबंध मी नियतकालिकाकडे पाठवला. लेखकांमध्ये मार्गदर्शकाचे नाव घालण्याची आमच्याकडे प्रथा आहे. संपादकांनी तशी विचारणाही केली. मी एकच नाव ठेवले.